शाल-श्रीफळ ठेवा, मागच्या बाकावर बसा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिना आला की सोलापुरात ‘स्टेज डेअरिंग वाढवा’ असे फलक चौकाचौकांत लागतात. दहा दिवसांचं शिबिर, शेवटच्या दिवशी पालकांसमोर पाठ केलेलं भाषण आणि हातात प्रमाणपत्र. त्याला आमची हरकत नाही. पण बोलण्याचा खरा सराव वर्षभर चालतो, आणि तो आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरणाऱ्या वक्तृत्व क्लबांमध्येच होतो. असे क्लब सुरू होतात उत्साहात आणि बंद पडतात गुपचूप. वक्ते मिळाले नाहीत म्हणून ते बंद पडत नाहीत. क्लबला बाहेरून आधार देणारे स्वयंसेवक आपण नेमतो, पण तयार करत नाही, हे त्याचं कारण आहे.

आधी साधा हिशेब पाहा. टोस्टमास्टर्स या जगभरातल्या वक्तृत्व क्लबांच्या संघटनेच्या पद्धतीने भरणाऱ्या एका सभेत तीन तयार भाषणं धरली, तर तीन वक्ते आणि तीन मूल्यमापक लागतात. शिवाय सूत्रं सांभाळणारा टोस्टमास्टर, आयत्या वेळच्या विषयांचं टेबल टॉपिक्स घेणारा, वेळ मोजणारा टायमर, ‘अं’सारखे भरतीचे शब्द मोजणारा आह काउंटर, भाषेकडे लक्ष देणारा ग्रामेरियन आणि सगळ्या सभेचं मूल्यमापन करणारा जनरल इव्हॅल्युएटर. झाले १२. यादीत २० नावं असली तरी कुणाची शिफ्ट, कुणाकडे लग्न, कुणाकडे पाणी येण्याचा दिवस हे वजा जाता बारा-तेरा माणसं आली तर सभा भरली म्हणायची. यादी १४ वर घसरली की हजेरी आठ-नऊवर येते. मग तीच माणसं दोन-दोन कामं करतात, दमतात आणि तीही यायची बंद होतात. वर्गणीचं नूतनीकरण १ ऑक्टोबर आणि १ एप्रिलला असतं. गळती मार्चअखेर लक्षात आली तर उपाय करायला वेळच उरत नाही. ती सप्टेंबरात दिसायला हवी, आणि ती बघायची कशी हे शिकवावं लागतं.

टोस्टमास्टर्सची रचना या कामासाठी चांगली आहे. १९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे वायएमसीएच्या तळघरात पहिला क्लब भरवला. तेव्हापासून सगळी भिस्त स्वयंसेवकांवरच आहे. क्लबात सात पदाधिकारी असतात: अध्यक्ष, शिक्षण, सदस्यता व जनसंपर्क यांचे तीन उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सभेची व्यवस्था पाहणारा सार्जंट ॲट आर्म्स. साधारण चार ते सहा क्लबांमागे एक एरिया डायरेक्टर, म्हणजे क्लबांना बाहेरून आधार देणारा स्वयंसेवक. त्याने प्रत्येक क्लबला वर्षातून दोनदा भेट द्यायची असते. पाच क्लब असतील तर वर्षाला १० भेटी. मुदत एकच वर्ष, १ जुलै ते ३० जून. म्हणजे काम कळेपर्यंत निम्मं वर्ष गेलं, तर उरलेल्या निम्म्यात करायचं काय?

भेटीत बिघडतं ते बहुधा आपल्या सवयीमुळे. एरिया डायरेक्टर आला की क्लब त्याला प्रमुख पाहुणा करतो. शाल, श्रीफळ, व्यासपीठावर खुर्ची, शेवटी दोन शब्दांच्या नावाखाली १५ मिनिटांचं मार्गदर्शन. त्या दिवशी क्लब ठेवणीतले वक्ते काढतो, एरवी न फिरकणारे सदस्यही येतात. पाहुणा खूश, क्लब खूश, आणि कळलेलं शून्य. व्याख्यानमालेत सत्कार शोभतो. भेटीला आलेल्या माणसाने मात्र हात जोडून शाल बाजूला ठेवावी आणि मागच्या बाकावर बसावं.

सभेच्या २० मिनिटं आधी पोहोचावं. खुर्च्या कोण लावतं, नव्याने आलेल्या माणसाशी पहिलं कोण बोलतं, ठरलेल्या वेळी सभा सुरू होते की ‘अजून दोघं येतायत’ म्हणून रेंगाळते, हे सगळं त्या २० मिनिटांत दिसतं. सभा चालू असताना भाषणांपेक्षा मूल्यमापनाकडे कान द्यावा. मूल्यमापकाला दोन ते तीन मिनिटं मिळतात. ‘छान झालं, आत्मविश्वास आवडला, असंच बोलत राहा’ यात ती संपली तर वक्ता जसा आला तसाच घरी जातो. ‘दुसऱ्या मिनिटाला तुम्ही आकडा सांगितलात आणि श्वासही न घेता पुढे गेलात; तिथे क्षणभर थांबला असतात तर तो आम्हाला पोहोचला असता’ असं ऐकू आलं, तर त्या क्लबाची निम्मी काळजी मिटली. टायमरकडेही बघावं. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवं, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल कार्ड दाखवायचं असतं. टायमर भाषणात रमला की लाल कार्ड नवव्या मिनिटाला वर येतं, आणि त्याची भरपाई शेवटच्या वक्त्याच्या वेळेतून होते.

सभेनंतर कार्यकारिणीबरोबर अर्धा तास बसणं हा भेटीचा गाभा. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं की ‘एकदम झकास’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी कागद मागावा. पुढच्या तीन सभांचं वेळापत्रक शिक्षण उपाध्यक्षांनी दाखवावं, तोंडी सांगू नये. त्यातली निम्मी घरं रिकामी असतील तर तिथेच पेन काढून दोन-तीन नावं भरायला मदत करावी. गेल्या तीन महिन्यांत एकदाही भाषण न केलेले सदस्य कोण, त्यांची नावं विचारावीत. पुढची वर्गणी न भरणारे बहुतेक याच यादीत सापडतात. महिन्याभरात पाहुणे किती आले आणि त्यांना दुसऱ्या दिवशी फोन कुणी केला, हेही विचारावं. त्याच रात्री टिपण लिहावं आणि आपण स्वतः करायची एकच गोष्ट तारखेसह कबूल करावी. पाच गोष्टी कबूल करणाऱ्याकडून एकही होत नाही. दुसऱ्या भेटीची सुरुवात त्या एका कबुलीच्या हिशेबाने व्हावी.

हे काम व्याख्यान ऐकून येत नाही, आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली आज जे चालतं ते बहुधा व्याख्यानच असतं. जून ते ऑगस्ट आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशा दोन हंगामांत प्रत्येक वेळी सातपैकी किमान चार पदाधिकारी प्रशिक्षित झाले, तर क्लबाच्या दहा वार्षिक उद्दिष्टांपैकी एका उद्दिष्टातला तो भाग पुरा होतो. म्हणून चौघं येतात, सही करतात, स्लाइड बघतात, जेवून जातात. त्या चौघांत शिक्षण उपाध्यक्ष नसेल तर क्लबाच्या दृष्टीने रविवार फुकट गेला असंच आम्ही म्हणू.

साडेतीन तासांत नीट काम होऊ शकतं. माणसं २५ पेक्षा जास्त नकोत आणि दर सहा-सात जणांमागे एक प्रशिक्षक हवा. पहिली १५ मिनिटं ओळख आणि कामाची वाटणी. मग ४० मिनिटांची लुटुपुटुची सभा. तिच्यात चार चुका मुद्दाम पेराव्यात: सभा सात मिनिटं उशिरा सुरू, पाहुण्याकडे कुणाचंच लक्ष नाही, मूल्यमापकाकडून नुसती स्तुती, टायमरचं लाल कार्ड गायब. चुका करणाऱ्यांना चिठ्ठ्या आधीच द्याव्यात, बाकीच्यांनी निरीक्षणाचा तक्ता भरावा. पुढची ३० मिनिटं तक्ते ताडून पाहण्याची. पाहुण्याची चूक सर्वांत कमी जणांच्या तक्त्यात सापडेल, कारण तो बिचारा गप्प बसलेला असतो. चहानंतर जोड्या करून आणखी ३० मिनिटं संभाषणाचा सराव: एकाने ‘आमच्याकडे काहीच अडचण नाही’ म्हणणारा अध्यक्ष व्हायचं, दुसऱ्याने त्याच्याकडून खरी स्थिती काढून घ्यायची, मग अदलाबदल. त्यानंतर ४५ मिनिटं पदांनुसार वेगळी टेबलं. खजिनदाराला ग्रामेरियनच्या वहीत काडीचा रस नसतो आणि तो नसावाही. शेवटच्या २० मिनिटांत एरिया डायरेक्टरांनी पहिल्या भेटींच्या तारखा ठरवून तिथूनच क्लबांना फोन करावेत. ‘घरी जाऊन कळवतो’ म्हटलेली तारीख दिवाळीपर्यंत ठरत नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट शिकवावी लागेल. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, कुठे दखनी उर्दू, आणि क्लबात मराठी, हिंदी किंवा इंग्रजी. ग्रामेरियनने चुकलेला शब्द किंवा मोडलेलं वाक्य जरूर टिपावं. बोलीचा हेल ही चूक नव्हे. कन्नड वळणाने मराठी बोलणाऱ्याचे उच्चार सभेत सुधारायला गेलात तर तो माणूस पुढच्या सभेला येणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. आह काउंटरचा तक्ता मात्र इथल्या तोंडाप्रमाणे बदलावा. ‘अं’ आणि ‘सो’पेक्षा आपल्याकडे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि ‘काय झालं की’ यांचा भरणा जास्त असतो.

तारखांचंही भान हवं. पदाधिकाऱ्यांची निवड मे महिन्यात होते, म्हणून पहिलं प्रशिक्षण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावं. नंतर आषाढीची गडबड सुरू होते आणि शाळांचे प्रवेश असतातच. दुसरं डिसेंबरात घ्यावं. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा शहरात ना माणूस मोकळा असतो ना रस्ता.

शहरातल्या महाविद्यालयांना आणि ग्रंथालयांना विनंती एवढीच, की वर्षातून दोन रविवारी सकाळी ९ ते १२.३० एक खोली द्यावी. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं मोठं सभागृह नको. जमिनीला ठोकलेले बाकही नकोत, कारण गोल करून बसता येत नाही. हलवता येतील अशा २५ खुर्च्या, पाच टेबलं, एक फळा आणि चालणारे पंखे पुरेत. माइक लागणार नाही.

आपले,
वक्तृत्व क्लबांचे काही स्वयंसेवक,
सोलापूर