क्रूझरचा प्रकार टनांवरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदल दिन जवळ आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अभ्यासिकांतून एक तक्ता हातोहात फिरतो: कॉर्व्हेट लहान, तिच्याहून फ्रिगेट मोठी, मग विनाशिका, मग क्रूझर, सर्वांत वर बॅटलशिप. एनडीए आणि नौदल भरतीची तयारी करणारी आपल्याकडची मुले तो पाठ करतात. आपल्या स्पर्धा परीक्षेच्या पानावरही तो तसाच आला, म्हणून हे पत्र.

तक्ता अगदीच खोटा नाही, पण क्रूझर म्हणजे काय ते त्यातून कळत नाही. क्रूझर ठरली ती कामावरून. मुख्य ताफ्यापासून लांब, एकटीने, दीर्घकाळ समुद्रावर राहायचे. आपली व्यापारी जहाजे राखायची, शत्रूची बुडवायची. जर्मनीची 'एम्डेन' जेमतेम 3,600 टनांची, 10.5 सेंटिमीटरच्या दहा तोफांची. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री ती मद्रासपुढे आली आणि तेलाच्या टाक्या पेटवून निसटली. 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने तिला गाठले. सिडनीही हलकीच क्रूझर, पण तिच्या तोफा 6 इंची होत्या. मार खाऊन एम्डेनला खडकावर चढावे लागले.

जुन्या क्रूझरचा प्रकार ओळखायचा तर आधी चिलखत कुठे आहे ते बघावे. 'संरक्षित' क्रूझरच्या बाजूंना चिलखती पट्टा नसे. पाणरेषेच्या आसपास आत पोलादी डेक असे: मध्ये सपाट, कडांना उतरता, पाणरेषेखाली जाऊन टेकलेला. बॉयलर, इंजिने, दारूगोळा सगळे त्याच्याखाली. उताराच्या वर, बाजूला लागून कोळशाच्या कोठ्या असत आणि भरलेला कोळसाही गोळ्याचा जोर मोडे. गोम इथेच होती. लांबच्या सफरीत कोळसा जळत जाई तशी ही आड रिकामी होई. म्हणजे नौका बंदरापासून जितकी दूर, तितकी उघडी. 1883 मध्ये इंग्लंडात चिलीसाठी पाण्यात उतरवलेली 'एस्मेराल्डा' ही या प्रकारची नमुनेदार नौका.

1890 च्या दशकात क्रुप पद्धतीचे कठीण पोलाद आले. पातळ पट्टाही आता गोळा अडवू लागला, त्यामुळे बाजूंना पट्टा असलेल्या 'चिलखती' क्रूझर वाढत गेल्या. 1907 मध्ये ब्रिटनची 12 इंची आठ तोफांची 'इन्व्हिन्सिबल' पाण्यात उतरली, ती बॅटलक्रूझर: तोफा बॅटलशिपच्या, वेग मात्र चिलखत कमी करून मिळवलेला. 31 मे 1916 रोजी जटलंडच्या लढाईत अशा तीन ब्रिटिश नौका दारूगोळ्याच्या स्फोटाने फुटल्या. दोष सगळा पातळ चिलखताला देतात, ते अर्धेच खरे. भराभर गोळे डागता यावेत म्हणून कॉर्डाइट, म्हणजे तोफेची दारू, उघड्यावर रचून ठेवत, कोठाराची दारेही बंद करत नसत. बुर्जातली (तोफांच्या फिरत्या चिलखती घरातली) आग खाली उतरायला वाट मोकळीच होती.

जड आणि हलकी क्रूझर हा भेद तर वजनाचा मुळीच नाही आणि परीक्षेत मुले नेमकी इथे चुकतात. 1922 च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरला 10,000 टन आणि 8 इंची तोफ अशी मर्यादा घातली. 1930 च्या लंडन कराराने 6.1 इंचांपर्यंतच्या तोफा म्हणजे हलकी, त्यापुढच्या म्हणजे जड, असे ठरवले. म्हणून ब्रिटनची 8,400 टनांची 'एक्झेटर' जड, आणि 10,000 टनांहून मोठी 'बेलफास्ट' हलकी. जपानच्या 'मोगामी'वर आधी 15 तोफा होत्या, 155 मिलिमीटरच्या. त्या काढून 8 इंची 10 बसवल्या तेव्हा तीच नौका जड झाली. तिचे वजन 8,500 टन म्हणून जाहीर केले होते, प्रत्यक्षात ते बरेच जास्त होते. वजन वाचवण्यासाठी केलेले वेल्डिंग 1935 च्या तुफानात उलले.

भारताच्या दोन्ही क्रूझर हलक्या होत्या. 'आयएनएस दिल्ली' म्हणजे पूर्वीची 'अकिलीझ', 6 इंची आठ तोफांची. 13 डिसेंबर 1939 रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत एक्झेटर, 'एजॅक्स' आणि ही, अशा तिघींनी जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे'ला दोन बाजूंनी घेरले. ग्राफ श्पेच्या तोफा 28 सेंटिमीटरच्या, गोळा सुमारे 300 किलोचा. 6 इंची गोळा फक्त 51 किलोचा. पण हलक्या तोफा भराभर डागता येतात, आणि तीन लक्ष्यांमुळे जर्मन मारा विभागला गेला. अकिलीझ 1948 मध्ये आपल्याकडे आली. डिसेंबर 1961 मध्ये तिने दीववर तोफा डागल्या आणि 1978 मध्ये ती निवृत्त झाली. 'आयएनएस म्हैसूर' (पूर्वीची 'नायजेरिया') 1957 ते 1985 सेवेत होती. मूळच्या 12 तोफांपैकी एक तिहेरी बुर्ज महायुद्धातच काढल्याने तिच्यावर नऊ राहिल्या.

1971 मध्ये म्हैसूर पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. तिच्या तोफांचा पल्ला साधारण 23 किलोमीटर. 4 डिसेंबरच्या रात्री कराचीजवळ पाकिस्तानी विनाशिका 'खैबर' बुडवली ती मात्र सुमारे 200 टनांच्या 'निर्घात'ने, कारण तिच्या क्षेपणास्त्राचा पल्ला 40 किलोमीटरच्या आसपास होता. तोफांच्या क्रूझरचा काळ का संपला, हे मुलांना समजावायला याहून चांगले उदाहरण नाही, आणि नौदल दिन साजरा होतो तोही याच तारखेला.

पुढे तर नावेच सरमिसळ झाली. अमेरिकेची 'टिकॉन्डेरोगा' विनाशिका म्हणून मागवली गेली आणि 1980 मध्ये, बांधणी सुरू होण्याच्या सुमारास, तिला क्रूझर ठरवले. चीनच्या 055 जातीच्या नौकांना चीन विनाशिका म्हणतो, अमेरिका क्रूझर. आपली आजची विनाशिका 'विशाखापट्टणम' 163 मीटर लांब आहे. जुनी क्रूझर दिल्ली 169 मीटर होती.

तेव्हा विनंती अशी की, हा तक्ता पुन्हा छापताना प्रत्येक नौकेपुढे सेवेत आल्याचे वर्ष, तोफांचा व्यास व संख्या, चिलखताची जागा आणि वेग द्यावा. वजन प्रमाणित आहे की पूर्ण भाराचे, तेही लिहावे. प्रमाणित वजनात इंधन धरत नाहीत, त्यामुळे दोन्ही मिसळले की हजार-दोन हजार टनांचा फरक सहज पडतो. 'दिल्ली' आणि 'म्हैसूर' या नावांपुढे तर वर्ष हवेच, कारण 1997 ची दिल्ली आणि 1999 ची म्हैसूर या विनाशिका आहेत, आणि सराव प्रश्नसंचांत रिव्हर प्लेटची लढाई यांच्याच नावावर टाकलेली आढळते.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)