जुन्या नाशकाच्या नकाशासाठी पायी फिरणारी माणसं हवीत

नाशिककरहो,

सुंदरनारायणापाशी उभ्या असलेल्या पाहुण्याने व्हिक्टोरिया पूल विचारला, तर आपण नुसता हात करतो. कागदोपत्री तो अहिल्याबाई होळकर पूल. नदी गोदावरी, पण आपण मात्र "गंगेवर जाऊन येतो" म्हणूनच घराबाहेर पडणार. बाहेरगावच्या माणसाच्या हातातल्या नकाशात यातलं एकच नाव असतं, आणि रस्ता विचारला की आपण दुसरंच सांगतो.

२०२७ च्या सिंहस्थाआधी आमच्या मंडळाने पंचवटी आणि जुन्या नाशकाचा मराठी प्रवासी नकाशा करायला घेतला आहे. तो ओपनस्ट्रीटमॅपवर उभा राहील. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा जगाचा खुला नकाशा विकिपीडियासारखाच, लोकांनी भरलेला. त्यातली माहिती कुणीही फुकट वापरावी, छापावी, विकावीसुद्धा. श्रेय तेवढं द्यायचं आणि त्या माहितीत भर घालून ती पुढे दिली तर तीही खुलीच ठेवायची. म्हणजे उद्या एखाद्या लॉजवाल्याला किंवा रिक्षा स्टँडला स्वतःचा नकाशा काढायचा असेल, तर आम्हाला विचारायचीही गरज नाही.

इमारतींच्या कडा उपग्रहाच्या चित्रावरून घरबसल्या काढता येतात, ते काम कॉलेजची मुलं करताहेत. अडतं ते पुढे. कपालेश्वराच्या पायऱ्या किती, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना वर जायला दुसरी वाट आहे का? पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे, स्वच्छतागृह खरंच उघडं असतं का? काळारामाच्या दारांवर १९३० चा मंदिर प्रवेश सत्याग्रह झाला. तिथे मंदिराचा एक ठिपका देऊन भागत नाही, दारं वेगवेगळी दाखवायला हवीत. आणि तांबट लेनसारख्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाडे असले की मोबाइलचा जीपीएस आपल्याला खुशाल शेजारच्या वाड्यात नेऊन बसवतो. तिथे कागद-पेन्सिलच बरी.

सगळ्यात जास्त वाद झाला तो रहाडींवरून, म्हणजे रंग खेळायच्या जमिनीतल्या जुन्या हौदांवरून. तिवंधा चौकातली किंवा शनी चौकातली रहाड रंगपंचमीला उघडते, एरवी तिच्यावरून गाड्या जातात. ओपनस्ट्रीटमॅपचा दंडक असा, की जागेवर जाऊन पडताळता येईल तेच नकाशावर घालायचं. वर्षातून एकदाच दिसणारी गोष्ट मग घालायची की नाही? आमच्यापैकी काहींचं मत 'नको' असं होतं. शेवटी ठरलं की घालायची, कारण ती जमिनीखाली वर्षभर असतेच. उघडण्याचा दिवस सोबत लिहायचा. पण नेमकी जागा दाखवायला त्या त्या चौकातलं माणूस हवं.

म्हणून पहिली मागणी पैशांची नाही. निवृत्त पोस्टमनकाका, दूधवाले, वाड्यांत वाढलेल्या मावश्या, घाटावरचे गुरुजी यांनी आमच्याबरोबर तासभर चालावं. पुलाच्या, गल्लीच्या, चौकाच्या जुन्या नावांसाठी या नकाशात वेगळा रकाना असतो. तो भरणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत. एकच विनंती, गूगलच्या नकाशात बघून काही सांगू नका. ती माहिती उतरवून घ्यायला परवानगी नसते, आणि ती चुकली असेल तर चूकही आपल्या पदरात येते. घरात कोण राहतं हेही आम्ही लिहीत नाही. वाड्याचं नाव पुरे.

दुसरी मागणी वर्गणीची. नकाशा मोबाइलवर इंटरनेटशिवायही उघडेल, पण पर्वणीच्या गर्दीत बॅटरी संपलेल्या माणसाला घडीचा कागदच उपयोगी पडतो. छपाईला पैसे लागतील. १०१ रुपयेही चालतील, पावती मिळेल. प्रेसवाल्यांनी कागद दिला तर आनंदच. चालू स्थितीतला जुना अँड्रॉइड फोन कपाटात पडून असेल तर तोही द्या, नोंदी टिपायला कामी येईल. कुणाचीही जाहिरात मात्र नकाशावर येणार नाही. मिसळीची दुकानं सगळी येतील, कुठली चांगली ते आम्ही सांगणार नाही. त्यावरून मंडळ फुटायला नको.

दर रविवारी सकाळी साडेसहाला गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी जमतो. टोपी, पाणी, पेन्सिल आणा. गाडी घाटावरच लावा, गल्ल्यांत चालायचंच आहे. पावसाळ्यात मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं असेल, तर त्या रविवारी सुट्टी.