ते गाणं पीटर ग्रीनचं आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला तो गिटारिस्टांच्या तुलनेचा लेख वाचला आणि हातातला चहा तसाच गार झाला. क्लॅप्टन की हेन्ड्रिक्स, झेपलिन की पर्पल, यावर भांडायला मला पण आवडतं, कॉलेजपासून भांडतोय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तुमच्या लेखकाने हेन्ड्रिक्सला दुसऱ्या नंबरवर टाकलंय तेही मी सोडून देतो. पण तिसऱ्या कॉलममध्ये लिहिलंय की 'ब्लॅक मॅजिक वुमन' हे सांतानाचं, म्हणजे कार्लोस सांतानाच्या अमेरिकन बँडचं गाणं, आणि फ्लीटवूड मॅक या इंग्लंडच्या बँडने ते नंतर वाजवलं. नंतर कसं वाजवलं हो? पूर्ण उलटं आहे ते!

गाणं लिहिलं पीटर ग्रीनने, फ्लीटवूड मॅकच्या तेव्हाच्या गिटारिस्टने. फ्लीटवूड मॅकची सिंगल इंग्लंडमध्ये १९६८ साली आली, सांतानाचा 'अब्राक्सस' अल्बम १९७० चा. लेबलवर गाणं लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, छापायच्या आधी कोणीतरी एकदा बघायचं ना. वर पुढे 'सांतानाचा धुंद आवाज' असंही आहे, तर त्या रेकॉर्डवर गायलाय ग्रेग रोली, ऑर्गन पण त्याचाच, कार्लोस सांताना गिटार वाजवतोय. म्हणजे लेख लिहिणाऱ्याने दोन्हीपैकी एकही रेकॉर्ड नीट ऐकलेली नाही असंच मला म्हणायचंय, आणि राग त्याचाच आहे.

गैरसमज नको, सांतानाचं व्हर्जन मला प्रचंड आवडतं. त्यांनी त्यात काँगा आणि टिंबालेस हे लॅटिन ढोल आणले, शेवटी गाबोर साबो या गिटारिस्टचं 'जिप्सी क्वीन' जोडलं, आणि अमेरिकेत ते चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत गेलं. ग्रीनची सिंगल इंग्लंडमध्ये ३७ च्या वर चढली नाही. पण ती तीन मिनिटांच्या आतली सिंगल एकदा रात्री शांतपणे ऐका. ऑर्गन नाही, काँगा नाही, नुसती गिटार, एक सूर लावतो आणि पुढचा लावायच्या आधी थांबतो, ती थांबण्याची जागाच ऐकण्यासारखी आहे. आणि शेवटी गाणं एकदम शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या त्या झुलत्या ठेक्यात, उसळतं. हे ब्लूजवाल्या ओटिस रशच्या १९५८ च्या 'ऑल युअर लव्ह' वरून आलेलं आहे, तेही मधेच असंच शफलमध्ये जातं. सांतानाने नेमका तो शफल काढून टाकला. तुलना करायची तर ही करा ना, कोणी काय ठेवलं, काय काढलं, त्याने गाण्याचं काय झालं. नुसते नंबर देऊन काय कळतं?

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. १९८८ साली एका इंटर-कॉलेज स्पर्धेत आमच्या बँडने हेच गाणं केलं होतं, ग्रीनचं व्हर्जन. आमच्या लीड गिटारवाल्याच्या मामाने इंग्लंडहून कॅसेट आणलेली, त्याने ती रिवाइंड करून करून इतकी ऐकली की टेपरेकॉर्डरचं बटण सैल झालं, दोन महिने दुसरं काही वाजवलं नाही. उसन्या अँपवर त्या दिवशी तो जे वाजवून गेला ते मी आजही विसरलेलो नाही. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आणि मग एक परीक्षक माईकवरून म्हणाले, सांतानाचं गाणं तुम्ही अर्धवट बसवलंय, ऑर्गन कुठाय, शेवटचा पीस कुठाय, आणि शेवटी ठेका का मोडला? तो सांगायला गेला की सर हे ओरिजिनल आहे, तर त्याला सगळ्यांसमोर 'बसा खाली, वाद घालू नका' म्हणून गप्प केलं. खिशात कॅसेटचं कव्हर होतं हो त्याच्या, त्यावर पीटर ग्रीनचं नाव होतं, ते काढून दाखवू पण दिलं नाही. नंबर गेला ते गेलाच, पण पुढच्या वर्षी तो स्पर्धेला उभाच राहिला नाही. आम्ही खूप समजावलं, नाही म्हणजे नाही.

काल लेख वाचून मी त्याला नाशिकला फोन केला. तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अजून तेच चाललंय का रे?"

आणि तुमच्या पंचवीस जणांच्या यादीत गॅरी मूर आहे, मेटॅलिकाचा कर्क हॅमेट आहे, आणि पीटर ग्रीन नाहीच! ग्रीनची १९५९ ची लेस पॉल गिटार मूरने घेतली, वर्षानुवर्षं वाजवली, १९९५ मध्ये ग्रीनच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, आणि तीच गिटार आज हॅमेटकडे आहे. म्हणजे ती ज्यांच्या हातात नंतर गेली ते दोघं यादीत आणि ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो बाहेर. जूडास प्रीस्ट या मेटल बँडचे फॅन 'ग्रीन मनालिशी' त्यांचंच समजून ऐकतात, ते पण ह्याच माणसाचं. आजारपणात त्याची किती वर्षं गेली, २०२० मध्ये तो वारला, निदान नाव तरी बरोबर घ्या. १९९८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात सांताना आणि ग्रीन शेजारी उभं राहून हे गाणं वाजवलेत. सांतानाला माहितीये गाणं कोणाचं ते, आपल्या पुरवणीला का नसावं?

फोटोबद्दल पण बोलतो. फ्लीटवूड मॅक म्हणून जो छापलाय तो 'रुमर्स' अल्बमच्या काळातला, १९७७ च्या आसपासचा, ग्रीनने बँड सोडला १९७० मध्ये. आणि हे संगीताचं पान आधी दर रविवारी पूर्ण यायचं, आता पंधरा दिवसांनी येतं आणि खाली अर्ध्यावर फ्लॅटची जाहिरात असते. आमच्यासारखे लोक पुरवणी त्याच पानासाठी उघडतात हो, एवढं लक्षात घ्या.

पुढच्या रविवारी त्याच पानावर चार ओळींची दुरुस्ती छापा, पीटर ग्रीन, १९६८, एवढं आलं तरी चालेल. कात्रण मला नाशिकला पाठवायचंय.

आपला,
एक जुना वाचक, पुणे