प्लेअर मिळाला, आता त्यात पुस्तकही हवे

प्रति,
मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी स्वतः अंध असून गेली १९ वर्षे अंध मुलांना इतिहास शिकवत आहे. आमच्या मुलांना शासकीय योजनेतून डेझी प्लेअर (पुस्तके ऐकण्याचे यंत्र) मिळाले, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. या यंत्राचे मोल डोळस माणसाच्या सहज लक्षात येत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. त्याच्या ५ क्रमांकाच्या कळीवर बारीकसा उंचवटा असतो; तिथे बोट टेकले की बाकीच्या कळा आपोआप सापडतात. २ आणि ८ ने प्रकरण, उपशीर्षक किंवा पान अशी पातळी निवडायची आणि ४ व ६ ने मागेपुढे जायचे. त्यामुळे वर्गात ‘पान ४२ काढा’ म्हटले की आमची मुले क्षणात त्या पानावर पोहोचतात. साध्या ध्वनिमुद्रणात मात्र तेच पान अंदाजाने चाचपत बसावे लागते.

परंतु त्यासाठी पुस्तक डेझी स्वरूपात, म्हणजे प्रकरणे आणि पाने यांच्या खुणा घातलेले, असावे लागते. गेल्या जूनमध्ये सातवीतल्या एका मुलीने नवा कोरा प्लेअर माझ्या हातात देत विचारले, “सर, यात माझं पुस्तक कुठंय?” त्याच्या मेमरी कार्डात फक्त यंत्राची माहितीपुस्तिका होती, तीही इंग्रजीत. शोधाशोध करून मिळवलेली पीडीएफ म्हणजे नुसती पानांची छायाचित्रे निघाली, त्यात यंत्राला वाचता येईल असा मजकूरच नव्हता. दुसरीकडून मिळालेला मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत न वापरणाऱ्या, जुन्या फाँटमध्ये होता. असा फाँट डोळ्यांना मराठी दाखवतो, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात, त्यामुळे ‘स्वराज्य’ या शब्दाच्या जागी आम्हाला निरर्थक अक्षरांची माळ ऐकू आली. अखेर माझ्या पत्नीने रोज रात्री एकेक धडा वाचून ध्वनिमुद्रित केला. सहामाही परीक्षा आली तेव्हा निम्मे पुस्तक बाकी होते.

यात कायद्याची आडकाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला कॉपीराइटची अडचण राहिली नाही, अंधांसाठी सुलभ पुस्तके तयार करणे आणि देशोदेशी पोहोचवणे सोपे करणाऱ्या माराकेश कराराला जगात सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच (२०१४), आणि सुलभ पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय असलेले सुगम्य पुस्तकालयही २०१६ पासून सुरू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये तर वयाच्या १८ वर्षांपर्यंत विनामूल्य द्यावयाची पुस्तके आणि सहायक साधने यांचा उल्लेख एकाच वाक्यात आहे. आमच्या मुलांच्या हाती त्यातले साधन तेवढे आले.

म्हणून विनंती अशी की, पाठ्यपुस्तकाची अंतिम फाइल ज्या दिवशी छपाईला जाते त्याच दिवशी ती युनिकोडमध्ये, शीर्षके आणि पृष्ठक्रमांक यांच्या खुणांसह, डेझी पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांकडे पोहोचावी, यासाठी आपण शालेय शिक्षण विभागाशी बोलावे. आणि प्लेअर वाटताना त्या मुलाच्या इयत्तेची सर्व पुस्तके कार्डात आधीच भरलेली असावीत. बिघडलेल्या प्लेअरची दुरुस्ती आणि बॅटरी बदलण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी, हेही सोबत सुचवतो. ती मुलगी येत्या जूनमध्ये आठवीत जाईल. तिची पुस्तके त्याआधी तयार व्हावीत.

आपला विश्वासू,
एक अंध शिक्षक