स्वमग्न मुलांची आधी ऊर्जा नोंदवू द्या, भावना मग : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला "आज कसं वाटतंय?" विचारलं तर बरेचदा "बरं" एवढंच उत्तर येतं, किंवा येतच नाही. भूक, तहान, छातीतली धडधड हेच अनेकांना नीट जाणवत नाही. त्याला राग म्हणायचं की भीती, हे तर फार पुढचं. म्हणून शाळांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे तक्ते वाटण्याआधी ऊर्जेची नोंद सुरू करू द्या.

साधन स्वस्त आहे. पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर अगदी कमी ते अगदी जास्त ऊर्जा दाखवणारे तीन किंवा पाच खाने आणि वेलक्रोने चिकटणारी एक खूण. मूल ती स्वतः सरकवतं, बोलावं लागत नाही. वेळा ठरलेल्या: परिपाठानंतर, मधल्या सुट्टीच्या आधी व नंतर, घरी निघताना. शिक्षकाने वहीच्या एका रकान्यात मुलाची खूण उतरवायची, दुसऱ्यात फक्त दिसलं ते लिहायचं (कान झाकले, येरझाऱ्या, डोकं बाकावर) आणि त्याआधी काय घडलं तेही: तासिका बदलली, घंटा, खिचडीचा वास. दोन्ही रकाने जुळले नाहीत तर मुलाचा खोडू नये. ती तफावतच कामाची असते. दोनेक आठवड्यांत कोणता तास जड जातो ते दिसू लागतं.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात येता तेव्हा हवा गार असते. मार्च-एप्रिलात इथे कूलर बंद ठेवला तर उकाडा, लावला तर घरघर. नोंदीत असा तास दिसला की मुलाची जागा बदलावी लागते किंवा कानांवर हेडफोन द्यावे लागतात.

बिघडतं कुठे? मधल्या खान्याला शाबासकी मिळाली की मूल रोज तोच दाखवतं. पट्टी भिंतीवर टांगली की वर्गाची करमणूक होते. मेल्टडाउन (ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं) चालू असताना विचारणं व्यर्थ. तेव्हा शब्द कमी, गर्दी कमी. सर्वांत जास्त चूक होते ती गप्प मुलाबाबत. थिजलेलं मूल 'शहाण्यासारखं बसलंय' म्हणून नजरेतून सुटतं. कुणी शाळेत दिवसभर आवरून धरतं आणि घरी पोचताच फुटतं, म्हणून पालकांची संध्याकाळची एक ओळ त्याच वहीत हवी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, शाळेने द्यायच्या वाजवी सोयीही आहेत. परिपत्रकात एवढंच लिहा: खूण टोकाला गेली की मुलाला दहा मिनिटं शांत जागी, कुणाच्या तरी नजरेत, बसता येईल; नोंद प्रगतिपुस्तकात जाणार नाही; आणि ती कुठल्याही पोर्टलवर भरावी लागणार नाही. रोज माहिती वर पाठवायची झाली की पट्टी कपाटात जाते आणि आठवड्याचे रकाने शनिवारी एका बैठकीत भरले जातात.

आपले,
नागपुरातील काही विशेष शिक्षक