बदल झाला की सांगा, ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्या

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात नाटकावर भरपूर लिहून येतं, अभिनय, संहिता, दिग्दर्शन सगळ्यावर, पण पडद्यामागे कोणी कोणाला काय सांगितलं यावर कधी येत नाही म्हणून लिहितोय. मी बरीच वर्षं हौशी नाटकांचं बॅकस्टेज करतो आणि बहुतेक वेळा प्रयोगाची माती होते ती एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत न पोचल्यामुळे.

माझ्याच हातून झालेलं सांगतो. पहिल्या अंकात ८ सेकंदांचा ब्लॅकआउट, म्हणजे स्टेजवर पूर्ण अंधार होता, त्यात दोन पोरं डाव्या विंगेतून, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशातून, टेबल आणणार आणि नट उजवीकडून जाणार असं ठरलेलं. प्रयोगाच्या दिवशी दुपारी दिग्दर्शकाने नटाला सांगितलं, तू आता डावीकडून जा. मी तिथेच उभा होतो, ऐकलं, म्हटलं पोरांना नंतर सांगू, मग माइक चेक, कोणाचा तरी कपडा उसवलेला, राहूनच गेलं. अंधार झाला आणि नट सरळ टेबलाच्या कोपऱ्यावर गेला, नडगी धरून खालीच बसला, पोरं टेबल तसंच धरून उभी, आणि लाइटवाल्याने ठरल्याप्रमाणे ८ मोजून लाइट वर आणले, त्याला बिचाऱ्याला अंधारात काय दिसणार. उरलेलं नाटक त्या नटाने लंगडत केलं आणि मला एका शब्दाने बोलला नाही, ते अजून मनाला लागतं.

अंधाराचं एक खूप जणांच्या लक्षात येत नाही. भर लाइटमधल्या नटाला ब्लॅकआउट झाला की काहीच दिसत नाही, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात, आणि विंगेत आधीपासून अंधारात उभ्या पोरांना त्याच वेळी बऱ्यापैकी दिसत असतं. म्हणून कोणी थांबायचं, कोणी जायचं हे आधी ठरलेलंच लागतं. मोठ्या थिएटरात स्टेज मॅनेजर हेडसेटवर आधी ‘स्टँडबाय’ म्हणतो, समोरचा उत्तर देतो आणि मगच ‘गो’, आणि तो शब्द एरवी उच्चारायचाही नाही, कारण चुकून कोणी बटण दाबेल. काही ठिकाणी लाल दिवा म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे कर. हौशी ग्रुपकडे हे सामान नसतं, पण ऐकलं की उत्तर द्यायचं याला पैसे लागत नाहीत.

यात जीवही जातात. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला प्रयोग चालू असताना आग लागली, थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झालेले. आग अडवायचा पडदा होता पण खाली येताना मध्येच अडकला, कित्येक दारं बंद होती, आग लागली तर काय करायचं याची तालीम स्टाफला कोणी दिलीच नव्हती. ६०० च्या वर माणसं गेली.

म्हणून सगळ्या ग्रुप्सना कळकळीने सांगतो, रंगीत तालमीच्या आधी एक दिवस दिग्दर्शक, लाइट, म्युझिक, सेट, प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) सगळे संहिता घेऊन बसा आणि पहिल्या क्यूपासून शेवटच्या क्यूपर्यंत, म्हणजे कोणी कधी काय करायचं त्या प्रत्येक इशाऱ्यावरून, नुसतं बोलून काढा, नट नसले तरी चालेल. कागदावर ५ सेकंद लिहिलेले असतात आणि सेटवाला म्हणतो अहो सोफा हलवायलाच १५ लागतात, हे तिथे कळलेलं बरं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की काम झालं असं समजू नका, ब्लू टिक आली तरी डोक्यात शिरलंय की नाही कोणाला ठाऊक. तोंडी सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या.

मी हल्ली पहिल्या घंटेच्या आधी सगळ्यांना स्टेजवर बोलावतो आणि आज काय बदललं एवढंच विचारतो. मागच्या प्रयोगाला प्रॉपर्टीवाल्या मुलीने हात वर केला, दुसऱ्या अंकातलं पत्र आता टेबलावर ठेवायचं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवायचं असं तिला कोणीतरी सांगितलेलं. जिने ते पत्र वाचायचं होतं ती नटी शेजारीच उभी होती, तिला ते पहिल्यांदाच कळत होतं.

आपला,
एक बॅकस्टेजवाला