पगार कोण देणार, त्याचं उत्तर

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या नोकरी सोडण्याचा विषय निघाला की बाबा ‘घे, आईशी बोल’ म्हणतात आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहूनच पाठवतेय. राजीनामा मंजूर झाला. महिनाअखेरपासून मी कुणाच्या नोकरीत नाही. स्वतःचा गेम स्वतः बनवणार आणि स्वतः विकणार.

बाबा, तुम्ही विचारलंत, ‘खेळान पोट भरतलां काय गो?’ प्रश्न रास्त आहे. तुमचा जन्म बँकेत गेला, तेव्हा ‘माझं स्वप्न आहे’ वगैरे तुम्हाला ऐकवत नाही. आकडेच सांगते.

संगणकावरचे गेम विकण्याचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान म्हणजे स्टीम. तिथं एक गेम मांडायला १०० डॉलर भरावे लागतात. गेमची विक्री १,००० डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. समजा गेम भारतात ४०० रुपयांना विकला. त्यातला १८ टक्के जीएसटी आधीच बाजूला होतो, राहतात ३३९. त्यावर ३० टक्के स्टीमचे. माझ्या हातात २३७. अमेरिकेत खपलेल्या प्रतींवर तिथं १५ टक्के कर कापला जातो, तो इथलं विवरणपत्र भरताना वळता करून मागता येतो. शिवाय गिऱ्हाइकानं चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत केला, तर त्याचे पैसे परत जातात. हे सगळं जमेस धरून, महिन्याचा माझा खर्च ३०,००० रुपये म्हटला, तर वर्षाला दीड हजाराच्या वर प्रती खपायला हव्यात.

आता वाईट बाजू. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८,०००हून जास्त गेम आले. बहुतेकांचं नावही कुणी ऐकलेलं नाही. म्हणून पहिल्या वर्षाचं पोट मी गेमवर ठेवलेलंच नाही. आठवड्यातले तीन दिवस इथल्याच एका स्टुडिओचं काम करारावर घेतलंय, उरलेले दिवस माझे. पीएफला हात लावणार नाही. कामासाठी वेगळं करंट खातं काढलंय, छोट्या धंद्यांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी झाली (ती फुकट असते, पैसे मागणारे एजंट भेटतात, त्यांना भुलले नाही). पगारातून टीडीएस कापून घेणारं आता कुणी नाही, त्यामुळे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधरा तारखेला आगाऊ कर माझा मलाच भरायचाय. त्या तारखा तुम्हीच लक्षात ठेवाल आणि मला ओरडाल, हे मी गृहीत धरलंय.

ज्या साधनावर गेम बनवतेय त्याचं नाव गोदो. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते लिहिलं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. भाडं नाही, हिस्सा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या मोठ्या साधनाच्या कंपनीनं, ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेल्या गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेणार असं जाहीर केलं होतं. वर्षभरानं ते मागे घेतलं, पण तोवर अनेकांनी घर बदललं होतं. एकटीनं धंदा करायचा तर मालक जागेचं भाडं कधी वाढवील याची धास्ती मला नको.

आई, आता तुझ्या काळजीचं. गेम पत्त्यांचा आहे. पण आपल्या पत्त्यांचा, गंजिफाचा. आपल्या सावंतवाडीत गंजिफा काचेच्या चौकटीत टांगतात, पाहुण्यांना भेट देतात, राजवाड्यात जाऊन फोटो काढतात. खेळतं कोण? आपल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी ही कला मरू दिली नाही म्हणून निदान पानं तरी उरली. दशावतारी गंजिफाची १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. हुकूम नाही. कुठली पानं पडून गेली हे ज्याच्या ध्यानात राहील तो जिंकणार. आणि गंमत अशी की अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर अर्ध्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ असेल तर उतारी रामाची, रात्री असेल तर कृष्णाची.

दिवस-रात्रीचा हा नियम वाचला तेव्हाच मला गेम दिसला. माझ्या गेममध्ये डाव चालू असतानाच सांज होते. पडद्यावरचा उजेड उतरतो आणि रामाच्या जोरावर बसलेल्या खेळाडूला एकदम कृष्णाची पानं शोधावी लागतात. खऱ्या पत्त्यांनी हे करायचं तर डाव संध्याकाळपर्यंत लांबवावा लागेल. चित्रं मी संगणकावर काढणार नाही. चितारआळीतल्या कारागिराकडून पानं रंगवून घेणार आणि ती गेममध्ये वापरायचा हक्क लेखी करार करून, वेगळे पैसे देऊन घेणार. बजेटमधला सर्वांत मोठा खर्च तोच आहे आणि त्यात मी काटकसर करणार नाही.

पत्ते म्हटलं की लोक जुगार म्हणणार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला, ज्याची कात्रणं बाबा मला पाठवत होते, तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमविरुद्ध आहे. माझ्या गेममध्ये पैसे लावायची सोयच नाही. एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा. हा घोळ आपल्याकडेच होतो असंही नाही. कॅनडातल्या एका माणसानं, जो आपलं खरं नाव सांगत नाही, एकट्यानं ‘बलात्रो’ नावाचा पोकरच्या पानांचा गेम बनवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आला आणि महिनाभरात दहा लाख प्रती खपल्या. त्यातही पैसे लावणं नाही, तरी युरोपातल्या मानांकन संस्थेनं त्यावर अठरा वर्षांवरील असा शिक्का मारला. तक्रार केल्यावर २०२५ मध्ये तो बारावर आला. मला दहा लाख नकोत. दीड हजाराचा हिशेब वर दिलाच आहे.

लोकांनी विचारलं तर ‘घरून काम करते’ म्हणू नकोस. ‘गेम बनवते, स्वतःचा धंदा आहे’ असं सरळ सांग. पुढचा प्रश्न ‘मोबाईल दुरुस्त करून देईल काय’ हा असेल. नाही म्हणून सांग.

राहिला विमा. याचीच मला सगळ्यात जास्त धाकधूक होती. तुम्ही दोघं माझ्या कंपनीच्या गट विम्यात होतात. नोकरी संपली की तेही संपतं, आणि बाबांच्या साखरेसकट नवी पॉलिसी घ्यायची म्हणजे जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ लागतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेलो तर गट विम्यात काढलेली वर्षं धरली जातात, म्हणून तसाच अर्ज करतेय. हप्ता मीच भरणार, त्यावर वाद नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

फॉर्म या पाकिटातच आहेत. जिथं सह्या हव्यात तिथं पेन्सिलीनं फुल्या केल्यात. बाबांचा साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि दोघांच्या आधारच्या झेरॉक्स जोडा आणि नोकरीचा शेवटचा दिवस उजाडायच्या आत मला पोचतील अशा बेतानं स्पीड पोस्ट करा. साखर किती आली ते खरं लिहा, बाबा. खोटं लिहिलं तर पुढे क्लेम अडतो.

तुमची,
धाकटी